एसटी घ्यावी का? डुकाटीच्या लांबपल्ल्याच्या गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

इटालियन स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे वेगाने लांब जायच्या मोटरसायकलींबद्दल आलेली बहुतेक पत्रे डुकाटीच्या एसटी मालिकेविषयी आहेत, आणि लिहिणारे मुख्यतः युरोप-अमेरिकेत राहणारे मराठी वाचक आहेत. ही मालिका १९९७ ते २००७ या काळात बोलोन्याच्या बोर्गो पानिगाले उपनगरातल्या कारखान्यात तयार झाली. तिकडच्या जुन्या बाजारात ती अजून मिळते, आणि त्याच कारखान्याच्या रेसिंग गाड्यांच्या मानाने खूपच स्वस्त मिळते. म्हणूनच ती घेताना आणि सांभाळताना काय पाहायचे ते इथे जरा सविस्तर देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे होंडा व्हीएफआर ८०० आहे. आठ वर्षांत टायर, ऑइल आणि बॅटरी याखेरीज खर्च नाही. मित्र म्हणतो, एकदा एसटी२ चालवून बघ. त्या गाडीत असे काय आहे? (मँचेस्टर)

फरक कळतो तो इंजिनाच्या ठोक्यात. एसटीची दोन सिलिंडर एकमेकांशी ९० अंशांत बसवलेली आहेत, पुढचे जवळजवळ आडवे आणि मागचे जवळजवळ उभे. क्रँकची पिन एकच असल्यामुळे एक स्फोट २७० अंशांनंतर होतो आणि पुढचा ४५० अंशांनंतर. दोन ठोके जवळजवळ पडतात, मग जरा मोठी उसंत. या उसंतीत मागचे टायर रस्ता पुन्हा पकडते. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर थोडा थोडा उघडत नेलात तर चाकावर किती जोर चाललाय हे मनगटाला आणि मांडीला नेमके जाणवते. चार सिलिंडरच्या इंजिनात ही जाणीव पुसट असते, ते काम जास्त सफाईने करते एवढेच.

या इंजिनाचा वंश जुना आहे. अभियंता फाबियो तालिओनी यांनी ही ९० अंशांची मांडणी १९७१ च्या ७५० जीटीमध्ये रस्त्यावर आणली. कॅमशाफ्ट बेल्टवर फिरवण्याची पद्धत १९७९ च्या पँताह ५०० पासून आली. पूर्ण फेअरिंगची, लांब जायची डुकाटी हा प्रयत्न मासिमो तांबुरिनी यांच्या १९८६ च्या पासो ७५० मध्ये झाला आणि पुढे ९०७ आयई निघाली. एसटी२ त्याच रांगेतली: ९४४ सीसी, पाण्याने थंड होणारे, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, ८३ अश्वशक्ती. हा आकडा आज लहान वाटेल. पण ३५०० ते ७००० आरपीएमच्या पट्ट्यात ही गाडी घाट चढताना गिअर पाडायला लावत नाही, आणि आमच्या मते ८३ अश्वशक्तीच्या या गाडीचे खरे मोल तिथेच आहे.

पाइपांच्या जाळीची फ्रेम, ब्रेम्बोच्या ३२० मिमीच्या दोन डिस्क, २१ लिटरची टाकी आणि मनगटावर भार न टाकणारे हँडल या बाजूंनी ती दिवसभर चालवायची गाडी आहे. आता उणी बाजू. हँडल कमी वळते, त्यामुळे अरुंद गल्लीत गाडी मागेपुढे करावी लागते. शहराच्या गर्दीत पायांना गरम लागते. ३००० च्या खाली इंजिन हिसके देते. तुमचे रोजचे जाणे-येणे सिग्नलमागून सिग्नल असेल तर व्हीएफआर विकू नका. रविवारी डोंगरात ३०० किलोमीटर जात असाल तर मित्राचे ऐका.

प्रश्न : एसटी२, एसटी४, एसटी४एस, एसटी३. नावे सारखीच, भावही जवळपास. नेमका फरक काय? (स्टुटगार्ट)

चेसिसचा घाट जवळजवळ सारखाच, वेगळे आहे ते इंजिन. एसटी२ (१९९७ ते २००३) वर सांगितलीच. एसटी४ मध्ये ९१६ या रेसिंग गाडीचे चार व्हॉल्व्हचे इंजिन थोडे सौम्य करून बसवले. २००१ पासूनच्या एसटी४एसमध्ये ९९६ सीसी आणि ११७ अश्वशक्ती, शिवाय मागे ओहलिन्सचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. २००४ ला आलेल्या एसटी३ मध्ये ९९२ सीसी आणि दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, म्हणजे दोन आत घेणारे आणि एक बाहेर सोडणारा, आणि एका हेडला एकच कॅमशाफ्ट.

घेण्यापूर्वी एक हिशेब करा. एसटीचे इंजिन डेस्मो आहे, म्हणजे त्यात व्हॉल्व्ह उघडण्याचे आणि मिटवण्याचे दोन्ही काम कॅम करतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन फटी मोजाव्या लागतात, एक उघडण्याची आणि एक मिटण्याची. एसटी२ मध्ये चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ मापे. एसटी३ मध्ये सहा, म्हणजे बारा. एसटी४ आणि एसटी४एसमध्ये आठ, म्हणजे सोळा मापे, तीही चार कॅमशाफ्टच्या दाटीत. गॅरेजच्या बिलातला फरक बराचसा इथून येतो.

चार व्हॉल्व्हच्या इंजिनांची आणखी एक दुखरी जागा आहे: उघडणाऱ्या रॉकरवरचा (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीवरचा) क्रोमचा थर पापुद्रे धरून सुटतो. एकदा सुटला की कॅमही खरवडला जातो. म्हणून एसटी४ किंवा एसटी४एस पाहताना हेडची झाकणे काढून रॉकर पाहिल्याची नोंद किंवा फोटो मागा. ऑइल काढायच्या बोल्टच्या चुंबकावर आणि जाळीवर चकचकीत पातळ कपच्या सापडल्या तर ती गाडी सोडा, किंवा रॉकर आणि कॅमचा खर्च किमतीतून वजा करा. काळी, बोटांत विरघळणारी बारीक भुकटी मात्र नेहमीची झीज असते.

आमचे मत विचाराल तर स्वतः पाना धरणाऱ्याने एसटी२ घ्यावी, गॅरेजवर सोडणाऱ्याने एसटी३. एसटी४एस वेगाची हौस असलेल्यासाठी, आणि तीही नोंदवही पूर्ण असेल तरच.

प्रश्न : २९,००० किलोमीटर झालेली एसटी२ स्वस्तात मिळते आहे. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे मालकाला आठवत नाही. गाडी घ्यावी का? बेल्ट घरी बदलता येईल का? (सॅन होजे)

घ्या, पण पहिला किलोमीटर बेल्ट बदलल्यावर चालवायचा, असे ठरवून. "आठवत नाही" याचा अर्थ "बदललेला नाही" असाच धरायचा. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतो, हेड उतरवावे लागते आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च होतो. कारखान्याचा नियम २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षे, जे आधी होईल ते. यातली वर्षे लोक विसरतात. उभ्या गाडीतला बेल्ट लहान पुलीभोवती त्याच वाकात महिनोन्महिने राहतो आणि तिथेच दातांच्या मुळाशी चिरतो. गाडी कमी चालली आहे, म्हणून बेल्ट चांगला असेल, हा तर्क इथे उलटा पडतो.

घरी बदलता येतो. बेल्ट दोन, दर सिलिंडरला एक. दोन्ही एकदमच बदला. इंजिन पूर्ण थंड हवे. फेअरिंगच्या बाजू, मग बेल्टवरची झाकणे आणि दोन्ही स्पार्क प्लग काढा. प्लग काढल्यामुळे इंजिन हाताने हलके फिरते. गाडी स्टँडवर, सहावा गिअर, आणि मागचे चाक पुढच्या दिशेनेच फिरवत खालच्या दात्याच्या पुलीवरची खूण झाकणावरच्या खुणेला आणा. त्याच वेळी दोन्ही कॅम पुलींच्या खुणाही आपापल्या जागी आल्या पाहिजेत. खालची जुळली आणि वरच्या जुळल्या नाहीत तर जुना बेल्ट दात चुकून बसला आहे असे समजा, कारण खालची पुलीही कॅमच्याच, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. जुळल्यावर जुन्या बेल्टवर आणि पुलींवर पांढऱ्या रंगाने स्वतःच्याही खुणा करा आणि फोटो काढा.

आता टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) सैल करून बेल्ट काढा. बेल्ट उतरलेला असताना क्रँक अजिबात फिरवू नका. टेन्शनरच्या आणि आयडलरच्या (बेल्टला नुसता आधार देणाऱ्या) पुल्या बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली किंवा बाजूला हलली तर बेअरिंग गेले; नव्या बेल्टबरोबर ते बदला, नाहीतर तेच नवा बेल्ट खाईल. कुठे ऑइल झिरपलेले दिसले तर आधी तो सील बदला, कारण ऑइल लागलेला बेल्ट फुगतो. नवा बेल्ट मुरगळू नका, उलटा करू नका, स्क्रू ड्रायव्हरने ढकलून चढवू नका. दातांची संख्या जुन्या बेल्टच्या खुणांवरून मोजून घ्या.

ताणाबाबत बहुतेकजण चुकतात. सैल बेल्ट दात ओलांडतो, आवळलेला बेल्ट बेअरिंग मारतो, आणि घरी हात नेहमी आवळण्याकडे जातो. दोन व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी जाणकारांत रूढ असलेली चाचणी अशी: आयडलर पुली आणि बेल्ट यांच्यामध्ये ५ मिमीची एलन की हलकी घासत सरकली पाहिजे, ६ मिमीची शिरता कामा नये. नेमके मापक मिळाले तर तेच वापरा. एलन कीचा उपयोग ताण फार चुकलेला नाही एवढे पाहायला. शेवटी क्रँक हाताने चार पूर्ण फेरे फिरवा, खुणा पुन्हा तपासा, ताण पुन्हा तपासा. फिरवताना मध्येच कठीण अडथळा लागला तर जोर लावू नका, कारण तो व्हॉल्व्ह असू शकतो. कामाला पहिल्यांदा पूर्ण दिवस धरा.

प्रश्न : डेस्मो म्हणजे महागडी देखभाल असे सगळे सांगतात. व्हॉल्व्हची मापे खरोखर इतक्या वेळा घ्यावी लागतात का? (बर्लिन)

दर १०,००० किलोमीटरला तपासायची, हा एसटीचा नियम. तपासायची म्हणजे दर वेळी बदलायची असे नाही.

नेहमीच्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. डेस्मोत मिटवण्याचे कामही कॅमच करतो, दुसऱ्या रॉकरने. तिथे असलेली छोटी स्प्रिंग फक्त इंजिन सुरू होताना व्हॉल्व्ह टेकवायला मदत करते. त्यामुळे व्हॉल्व्हच्या देठावर दोन शिम, म्हणजे फट जुळवणारे नेमक्या जाडीचे तुकडे असतात, टोकाला उघडण्याची टोपी आणि खाली मिटण्याची कडी. ही कडी तारेच्या दोन अर्धवर्तुळांनी अडकवलेली असते. झीज या अर्धवर्तुळांची होते. ती दबली की मिटण्याची फट वाढते. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला तर उघडण्याची फट घटते आणि मिटण्याची वाढते. नवी अर्धवर्तुळे पहिल्या काही हजार किलोमीटरात बसतात, म्हणून ती बदलल्यावरची पुढची तपासणी लवकर करा.

उघडण्याची फट साधारण ०.१० मिमी. फीलर गेज रॉकर आणि टोपी यांच्यात सरकवून ती मिळते. मिटण्याची फट ०.०५ च्या आत ठेवतात. ती मोजण्यासाठी मिटवणारा रॉकर स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबून धरायचा आणि रॉकर व कडी यांच्यातली जागा मोजायची. तुमच्या गाडीच्या वर्षाचे नेमके आकडे तिच्या वर्कशॉप पुस्तकातलेच घ्या. उघडण्याची फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि जळतो; ही तातडीची बाब. मिटण्याची फट थोडी वाढली तर आवाज वाढतो आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरते. त्याला थोडा वेळ आहे. जाड पडणारी टोपी सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासता येते. कमी पडलेल्या मापाला मात्र नवी शिम लागते, आणि मिटण्याची कडी घासताना फट वाढते हे विसरू नका.

प्रश्न : क्लच दाबला की डबा खुळखुळावा तसा आवाज येतो. सिग्नलला न्यूट्रलही लागत नाही. दोन्ही एकाच कारणाने का? (मिलान)

नाही. आवाज कोरड्या क्लचचा आहे. एसटी२ आणि एसटी४ चा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो, आणि लिव्हर दाबल्यावर मोकळ्या झालेल्या प्लेट वाजतात. हे नेहमीचे आहे. लिव्हर सोडल्यावरही खडखड राहिली किंवा गाडी सुटताना थरथरली, तर बास्केटच्या, म्हणजे प्लेट ज्यात बसतात त्या डब्याच्या, खाचा पाहा. प्लेटच्या कानांनी त्या खाचांत पायऱ्या पाडलेल्या असतात. बास्केट आणि प्लेट एकत्र बदला, जुन्या बास्केटमध्ये नव्या प्लेट लवकर झिजतात. आतली धूळ काढताना मास्क लावा, आणि आवाज बसवायला तिथे ऑइल कधीच घालू नका.

न्यूट्रल लागत नाही याचे कारण बहुधा डाव्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर. तो पुढच्या स्प्रॉकेटजवळ असतो, चेनचा सगळा मळ त्याच्यावर उडतो, आणि सील गेला की क्लच पूर्ण सुटत नाही. झाकण काढा. ओले दिसले आणि तो ओलावा पाण्याने धुतला गेला तर ब्रेक फ्लुइड आहे, सील किंवा सिलिंडर बदला. पाण्याने धुतला गेला नाही तर इंजिन ऑइल आहे, मग पुशरॉडवरची (क्लच ढकलणाऱ्या सळईवरची) ओ-रिंग पाहा. फ्लुइड डॉट ४, दरवर्षी नवे. तोवर गाडी थांबण्याआधी, चाके हळू फिरत असतानाच न्यूट्रल लावत जा.

प्रश्न : ताशी ४० च्या आसपास गाडी हिसके देते. दुरुस्त होईल का? (बर्मिंगहॅम)

थोडे कमी होईल, पूर्ण जाणार नाही. आधी चेनचा ढिलेपणा एकच जागा न पाहता चाक फिरवत चार ठिकाणी मोजा; असमान ताणलेली चेन हेच अर्धे दुखणे असते. मग दोन्ही थ्रॉटल बॉडी व्हॅक्यूम गेजने सारख्या करून घ्या. तरी भागले नाही तर पुढचे १५ दात्यांचे स्प्रॉकेट काढून १४ चे लावा. गिअर सुमारे ७ टक्के छोटे होतात, गावात एक गिअर वर ठेवता येतो. हायवेवर आरपीएम तेवढेच वाढतात, आणि चेन स्विंगआर्मच्या रबरावर जरा जास्त घासते, ते रबर पाहत जा.

प्रश्न : थंडीत स्टार्टर "टक्" करून थांबतो. नवी बॅटरी घातली, महिन्यात तेच. (टोरांटो)

बॅटरीवर पैसे घालण्याआधी मीटर लावा. इंजिन ३००० ते ४००० आरपीएमवर असताना बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. कमी असतील तर अल्टरनेटरपासून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या पिवळ्या तारांचा कनेक्टर उघडा. तो तपकिरी होऊन वितळलेला सापडला तर आश्चर्य नको. जळकी टोके कापा, नवी क्रिम्प करा, रेग्युलेटरच्या पायाची अर्थिंगची जागा घासून स्वच्छ करा. १५ च्या वर व्होल्ट दिसले तर रेग्युलेटर गेला आहे आणि तोच नव्या बॅटऱ्या उकळवतो आहे. व्होल्ट बरोबर असूनही स्टार्टर अडखळत असेल, तर बॅटरी ते स्टार्टर आणि बॅटरी ते इंजिन या दोन तारा जाड घाला. मूळच्या तारा बारीक आहेत आणि मोठ्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला थंडीत त्या पुरत नाहीत.

प्रश्न : पत्नीसह, दोन्ही पेट्या लावून डोलोमाइट्सला जायचे आहे. काय बदलू? (लंडन)

सायलेन्सर खालच्या जागी आणा. एसटीचे सायलेन्सर दोन उंचींवर बसतात, वरची जागा पेट्यांशिवाय चालवताना वळणात जास्त झुकायला मिळावे म्हणून. मागच्या स्प्रिंगचे प्रीलोड (आधीच दिलेला दाब) वाढवा, नाहीतर मागून बसलेली गाडी वळायला आळस करते आणि हेडलाइट झाडांवर पडतो. टायरची हवा थंड असताना भरा, आणि जड सामान पेटीच्या तळाशी ठेवा. प्रवासाला निघण्याआधीच ऑइल बदला. क्लच कोरडा असला तरी गिअरबॉक्स याच ऑइलवर चालतो, आणि घाटात ऑइलचा चुरा गिअर करतात.

प्रश्न : इटालियन गाडी हवी, पण बेल्ट नको, चेनही नको. आहे का अशी? (बाझल)

आहे, मोटो गुझीची नॉर्जे १२००. कोमो सरोवराकाठच्या मांदेलो देल लारिओत बनलेली, २००६ पासूनची. ११५१ सीसी, हवेने थंड होणारी, शाफ्टवर चालणारी. नाव १९२८ च्या गुझीवरून आले; मागच्या चाकाला सस्पेन्शन असलेली ती गाडी घेऊन कार्लो गुझी यांचे भाऊ ज्युसेप्पे आर्क्टिक वर्तुळापलीकडे गेले होते.

दोन्ही सिलिंडर हेड बाहेर डोकावतात, त्यामुळे दोन व्हॉल्व्हच्या आवृत्तीत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, बसून, चहा थंड व्हायच्या आत मोजता येतात: आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिमी, बाहेर सोडणाऱ्याला ०.१५, स्क्रू आणि लॉकनटने. ऑइल १०डब्ल्यू-६०. उभ्या गाडीला रेस दिली की ती किंचित उजवीकडे कलते, कारण क्रँक गाडीच्या लांबीत फिरतो. तो दोष नाही. कोरडे वजन मात्र २४६ किलो. नंतरच्या आठ व्हॉल्व्हच्या आवृत्तीत सपाट टॅपेट झिजतात. रोलर टॅपेट बसवल्याचे बिल नसेल तर ती घेऊ नका.

प्रश्न : एसटी२ इकडे आणता येईल का? (पुणे)

नाही. वापरलेली, तीन वर्षांहून जुनी गाडी आपल्या आयात नियमांत बसत नाही, आणि शेवटची एसटीही २००७ ची आहे.

तिकडे जाऊन चालवता येईल. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळतो, आणि त्यावर गिअरच्या दुचाकीचा शिक्का आहे ना ते पाहून घ्या. बोलोन्याहून फ्लॉरेन्सकडे जाणारा जुना राज्यमार्ग ६५ धरा. आधी ९६८ मीटरवरची रातिकोझा खिंड, मग ९०३ मीटरवरची फुता. वळणे मोठी, चढ एकसारखा, तिसरा आणि चौथा गिअर पुरतो. रविवारी तिथे दुचाकींची गर्दी असते, म्हणून मंगळवार-बुधवार सकाळचा बेत करा.